पालथी घातलेली जहाजं

माझी मावशी सहासष्टाव्या वर्षी सायकल शिकली, आणि तीही हौस म्हणून नव्हे. तिचे गुडघे कामातून गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं, फार चालू नका, जिने टाळा, जमलं तर सायकल चालवा. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर घरात एका जागी उभी असलेली व्यायामाची सायकल असावी. मावशीने दुकानात जाऊन रस्त्यावर चालवायची घेतली.

काकांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, याला सक्त विरोध होता. "एकतीस वर्षं बस चालवली मी," ते मला म्हणाले, "आणि एकतीस वर्षं सायकलवाल्यांच्या नावाने खडे फोडले. आता घरातच एक निघाली."

पण तिची सीट मागून धरून धावलेही तेच. पंधरा दिवस गल्लीत हा कार्यक्रम चालला. ती दोनदा पडली, एकदा दूधवाल्याच्या अंगावर गेली, आणि सोळाव्या दिवशी गल्लीच्या टोकाला वळली ती दिसेनाशीच झाली. काका धापा टाकत पायरीवर बसले. दीड तासाने ती परत आली, घामाघूम, पण चेहरा खुललेला.

"कुठे गेली होतीस?" काकांनी विचारलं.

"कामावर," ती म्हणाली.

काम म्हणजे जहाजबांधणीची गोदी, आणि ती बंद पडून अठरा वर्षं झाली होती. मावशी तिथे अठ्ठावीस वर्षं होती. ती तिथे नेमकं काय करायची हे मलाही फार उशिरा कळलं. जहाज आधी कागदावर काढतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कागदावरची रेघ केसाएवढी चुकली तर खऱ्या जहाजात ती वीतभर चुकते. म्हणून कागदावरचं जहाज पुन्हा एकदा, जेवढ्यास तेवढं, लाकडी जमिनीवर काढायचं. त्यासाठी गोदीत एक लांबरुंद माळा होता, मधे एकही खांब नसलेला. त्याला आखणीचा माळा म्हणत. जमिनीला काळा रंग, तिच्यावर खडू, सुतळी, खिळे आणि वाकतील अशा लांब लाकडी पट्ट्या. पट्टी वाकवून मनासारखं वळण आलं की टोकदार सुरीने ती रेघ लाकडात कोरायची. त्या रेघांवरून साचे निघत आणि साच्यांवरून लोखंड वाकवलं जाई. माळ्यावर बूट चालत नसत. सगळे मोज्यांवर, आणि दिवसभर गुडघ्यांवर.

मावशी विसाव्या वर्षी तिथे लागली ती नुसते आकडे उतरवून घ्यायला. सुरी पुरुषांच्या हातात असे. वर्षभराने एक दिवस ती सरळ जमिनीवर आडवी झाली, गाल फळीला टेकवला, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "इथे पोट आलंय." पाच माणसांनी सकाळभर खपून बसवलेली रेघ होती ती. माळ्यावर हशा पिकला. मोठ्या मिस्त्रींनी मात्र पट्टी मागवून मोजलं. पोट होतं, अर्ध्या बोटाचं. मिस्त्री फार बोलणारे नव्हते. त्यांनी आपली सुरी मुठीकडून तिच्यापुढे धरली आणि ते चहा प्यायला निघून गेले.

गोदी बंद झाल्यावर ती शर्टांच्या कारखान्यात कापड कापायला लागली. "पूर्वी समुद्राच्या मापाने कापत होते, आता मानेच्या," एवढंच म्हणायची. त्यापलीकडे गोदीचा विषय घरात निघत नसे. सायकल आली आणि अठरा वर्षांचं झाकण उडालं.

"तिच्यावर जरा लक्ष ठेव," असं काकांनी सांगितलं म्हणून एका रविवारी मी तिच्याबरोबर सायकल काढली. माझं वय अडतीस, रोजचा प्रवास बसने. पहिल्याच चढावर मला धाप लागली. मावशी पुढे जाऊन थांबली होती. एका साध्या कोपऱ्याकडे बोट दाखवून तिने विचारलं, "हा कोपरा असा तिरका का कापलाय?"

"असेल कसातरी."

"कसातरी काही नसतं. इथून लोखंडी पत्रे आत जायचे, एकेक वीस हात लांब. गाडी वळायची नाही, म्हणून घराचा कोपरा छाटला."

मग तिने मला सगळा भाग फिरवून दाखवला. औषधांच्या दुकानासमोर डांबरातून तळहाताएवढा रुंद रूळ वर येतो, अकरा पावलं जातो आणि दुकानाच्या पायरीखाली गडप होतो. क्रेन त्याच्यावरून चालायची. शाळेच्या कुंपणभिंतीत डोक्याच्या उंचीवर लोखंडी कड्या आहेत; पूर्वी पाणी तिथपर्यंत होतं आणि अर्धवट बांधलेली जहाजं तिथे बांधून ठेवत. कामगारांच्या वस्तीत एका घराच्या न्हाणीघराला गोल पितळी खिडकी आहे. "ही मापात चुकली होती," मावशी म्हणाली, "जहाजाला बसली नाही, मिस्त्रींच्या मेहुण्याला बसली." मी त्या भागातून शेकडो वेळा गेले होते. मला तिथे रस्ते दिसत आले होते, तिला कारखाना दिसत होता.

सगळ्यात शेवटी आम्ही पाण्याजवळच्या मोकळ्या मैदानात आलो. गाड्या उभ्या करायची जागा. तिच्या मधोमध दगडी उतार आहे, घराच्या अंगणाएवढा रुंद, सरळ पाण्यात शिरणारा. तयार झालेलं जहाज त्यावरून पाण्यात उतरायचं. खाली बसून तिने दगडांच्या सांध्यात नख घातलं आणि काळं काहीतरी काढून माझ्या नाकाशी धरलं. जुन्या चरबीचा वास होता, जहाज घसरावं म्हणून फासायचे ती.

उतारापाशी एक नवीकोरी निळी पाटी होती. 'येथे पूर्वी लहान बोटींची दुरुस्ती होत असे. या जागेवर कंटेनर ठेवण्याचा तळ होणार आहे.'

मावशीने सायकल स्टँडवर लावली. पाटी वाचली, जवळ जाऊन परत वाचली.

"एकशे चौदा," ती म्हणाली.

"काय एकशे चौदा?"

"जहाजं. एकशे चौदा जहाजं या दगडांवरून गेली. लहान बोटी म्हणे."

सोमवारी ती बंदराच्या कार्यालयात गेली. मी सुट्टी काढून बरोबर गेले. जागांचं काम बघणारे साहेब तिशीतले होते, चष्मा, नीट भांग, बोलायला मऊ. त्यांनी फाइल काढून आमच्यासमोर ठेवली. गोदीच्या मालकांची कागदपत्रं बंद पडताना कुठे गेली कुणाला ठाऊक नव्हतं. फाइलमध्ये उरला होता एकच जुना परवाना, आणि तो होता बोटींच्या दुरुस्तीचा.

"तो मागच्या शेडचा आहे," मावशी म्हणाली. "आम्ही तिथे डबा खायचो."

"बाई, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे," साहेब म्हणाले, "पण फाइलचा नाही. काहीतरी पुरावा आणा. दोन महिन्यांनी सिमेंटचं काम सुरू होईल. त्याआधी आणा."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "उंटावरून शेळ्या हाकतात नुसते."

"नाही गं," ती म्हणाली, "माणूस बरा आहे. उतरून बघायची त्याला कुणी सवय लावली नाही."

मग तिची वणवण सुरू झाली. रोज सकाळी सायकल काढायची, जुन्या कामगारांची घरं शोधायची, कपाटं उघडायला लावायची. कुणी वेल्डिंगचा मुखवटा दिला, कुणी पाळीची शिट्टी, कुणी फोटो. फोटोंत मागे लोखंडाची भिंत आणि पुढे दात काढून हसणारी माणसं. साहेबांनी प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहिली आणि प्रत्येक वेळी तेच म्हणाले: हे कुठल्याही गोदीतलं असू शकेल. एक फोटो त्यांनी भिंगाखालीसुद्धा धरला. जहाजाचा आकडा लिहिलेला असतो त्या जागी नेमकं कुणाचं तरी डोकं होतं.

पाच आठवडे असे गेले. एका दुपारी मी गेले तेव्हा मावशी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला दिवसाउजेडी पडलेली मी कधी पाहिली नव्हती. काका ओट्याशी वर्तमानपत्र पसरून तिच्या सायकलच्या साखळीला तेल घालत होते.

"अगं," ते पाठीमागे न बघता म्हणाले, "तू आठवेल तसं शोधत फिरतेयस. मी बारा वर्षं गोदीच्या पाळीची बस चालवली. कोण कुठल्या थांब्यावर उतरायचं ते मला विचार की."

मावशी उठून बसली.

त्या संध्याकाळी काकांनी थांब्यांच्या क्रमाने यादी केली. नावं त्यांना माहीत नव्हती. त्यांची यादी अशी होती: पाण्याची टाकी, खोकणारा. बाजार, दोघे भाऊ, भांडणारे. शेवटचा थांबा, सुतार, कानामागे पेन्सिल.

"हा रंधा," मावशी म्हणाली. "आमच्या माळ्याचाच सुतार. मला वाटलं तो गेला."

रंधा गेला नव्हता. पंच्याऐंशी वर्षांचा होता, एकटा राहत होता, आणि कानामागे पेन्सिल अजून होती. हाती येईल ते तासून गुळगुळीत करायचा म्हणून माळ्यावर सगळे त्याला रंधा म्हणत. त्याने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं, चहा टाकला आणि गोदीबद्दल काही विचारलं की हवापाण्याबद्दल बोलायला लागला. कप उचलताना मावशीचा हात टेबलाच्या कडेखाली गेला आणि तिथेच राहिला.

तिने कप खाली ठेवला. खुर्ची सरकवली. गुडघ्यांना शिव्या देत ती टेबलाखाली शिरली. आतून तिचा आवाज आला, "रंधा, ही फळी कुठली?"

"उरली होती."

"कशातून उरली? ही माझ्या हातची रेघ आहे."

रंध्याने गॅस बंद केला. मग त्याने सांगितलं. गोदी बंद झाली तेव्हा माळा तोडून फळ्या जाळून टाक, असा त्याला हुकूम होता. त्याचा हात धजला नाही. त्याच सुमारास शहरात बॅडमिंटनचा हॉल होत होता आणि जमिनीला चांगलं लाकूड हवं होतं. त्याने माळ्याच्या सगळ्या फळ्या तिथे नेल्या आणि स्वतः बसवल्या.

"मग रेघा?" मी विचारलं.

"पालथ्या घातल्या. रेघा वर ठेवल्या असत्या तर शटल आत पडलं की बाहेर, कुणाला कळलं असतं? हुकूम मोडला होता, म्हणून अठरा वर्षं तोंड उघडलं नाही."

"कुठला हॉल?"

त्याने नाव सांगितलं आणि मी ते त्याला पुन्हा सांगायला लावलं. तो हॉल मावशीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होता. विशीत मी तिथे आठ वर्षं खेळले होते, आठवड्यातून तीन दिवस. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

हॉल चालवणाऱ्या कोच बाई कडक. त्यांच्या हाताखाली मी घाम गाळला होता, त्यामुळे आजही त्यांच्यासमोर माझी पाठ आपोआप ताठ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एक फळी. ती पण त्या फुगलेल्या कोपऱ्यातली. पोरी तिथे अडखळतातच."

रंध्याने स्क्रू काढले. फळी वर आली, त्याने ती उलटी केली आणि बाहीने धूळ पुसली. काळा रंग तसाच होता. त्यातून एक रेघ अशी वळत गेली होती की ती पाण्यासाठी काढली आहे हे कुणी सांगायला नको. कोच बाईंनी खाली बसून तिच्यावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आम्ही यावर खेळत होतो?" त्या म्हणाल्या. मग उभ्या राहून त्यांनी शिट्टी वाजवली आणि सराव करणाऱ्या सगळ्या मुलींना जवळ बोलावलं. "रॅकेट ठेवा. जमीन उचलायची आहे." हॉलची नवी जमीन मंजूर होऊन वर्ष झालं होतं, हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं, जुनी कोण काढणार यावरच घोडं अडलं होतं.

तीनशे बारा फळ्या निघाल्या. हॉलच्या मापात बसवताना रंध्याने कित्येक कापल्या होत्या, क्रम तर कधीच मोडला होता. ट्रकमधून त्या उताराजवळच्या मैदानात उतरवल्या तेव्हा तो सरपणाचा ढीग दिसत होता. सिमेंटचं काम सुरू व्हायला नऊ दिवस होते.

मावशीने बूट काढले. काकांनी आणलेली उशी गुडघ्यांखाली घेतली आणि पहिली फळी मांडली.

चार दिवस ते काम चाललं. मुली फळ्या उचलून आणत, मावशी रेघेवरून हात फिरवून जागा सांगे. "ही डोक्याकडची. ही पाठीमागची, पाण्याखालची. ही माझी नाही, मिस्त्रींची आहे, त्यांची सुरी डावीकडे कलायची." कुठे अडलं की रंधा आठवून सांगे, अमुक तुकडा दाराच्या चौकटीसाठी कापला होता, त्याचा जोडीदार खिडकीखाली असेल. दुसऱ्या दिवशी शिट्टी देणारा म्हातारा खुर्ची घेऊन आला. तिसऱ्या दिवशी ते दोघे भाऊ आले आणि फळी कुणी धरायची यावरून भांडले. चौथ्या दिवशी मधे एकच भोक उरलं. रंधा घरी गेला आणि आपल्या टेबलाची वरची फळी खांद्यावर टाकून बसने आला. ती बसली. बसताना आवाज झाला, पेटीचं झाकण बसतं तसा.

मग आम्ही सगळे मागे सरलो. मैदानावर जहाजाचा उभा छेद पडला होता, खऱ्या मापाचा. मधल्या रेघेच्या एका बाजूला जहाजाचा पुढचा अर्धा भाग, दुसऱ्या बाजूला मागचा, शंभरावर वळणं एकात एक. एकही रेघ जोडावर तुटत नव्हती. मुलींपैकी कुणीतरी टाळी वाजवली आणि ती टाळी बराच वेळ थांबली नाही.

साहेब दुपारी आले. मीच फोन केला होता. फळ्यांच्या काठाशी येऊन ते थबकले, आणि कुणी न सांगता त्यांनी बूट काढले. मोजपट्टीचं एक टोक काकांच्या हातात देऊन ते मोज्यांवर चालत पलीकडे गेले.

"एकोणीस मीटर रुंद," ते म्हणाले. "ही बोट नाही."

"नाही," मावशी म्हणाली.

"पण संख्या? एकशे चौदा कशावरून?"

तिने त्यांना मधल्या रेघेच्या तळाशी बोलावलं. त्यांना गुडघ्यांवर बसावं लागलं. तिथे सुरीने कोरलेले चार आकडे होते, एकाखाली एक. त्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचले, "एकशे अकरा. एकशे बारा. एकशे तेरा. एकशे चौदा."

"प्रत्येक जहाजाचा नंबर कोरायची पद्धत होती," मावशी म्हणाली. "ही शेवटची चार. आधीच्या रेघा रंग देताना तासून टाकायचे."

"म्हणजे आधीची एकशे दहा..."

"आकडे एकापासूनच सुरू होतात, साहेब."

साहेबांनी खिशातून वही काढली आणि तिला म्हणाले, "पहिल्यापासून सांगा. मी लिहून घेतो." ती सांगत गेली. कुठलं जहाज, कशासाठी, कुठल्या वर्षी. तिच्या आधीची, मिस्त्रींकडून ऐकलेलीसुद्धा. ती चुकली तिथे म्हाताऱ्यांनी दुरुस्त केलं. साहेबांची वही भरली, त्यांनी कोच बाईंकडून खेळाच्या गुणांचे कागद मागून घेतले आणि त्यांच्या मागे लिहीत राहिले.

सिमेंटचं काम साहेबांनी दुसऱ्याच दिवशी थांबवलं, आणि दहा दिवसांत पत्र आलं. कंटेनरचा तळ दुसरीकडे हलवला होता. उतार जसा आहे तसा राहणार होता, फळ्यांवर छप्पर होणार होतं, आणि नव्या पाटीचा मजकूर मावशीने द्यावा अशी विनंती होती. तिने एकच ओळ दिली. साहेबांनी आणखी काही लिहायला सुचवलं, तर म्हणाली, "बाकीचं आम्ही फिरून सांगू."

पाटी लागायच्या दिवशी सकाळी तिने सायकलवरून गोदी दाखवायचं ठरवलं. वीसेक जण येतील असा अंदाज होता. मी मोजत होते, दोनशे तिसापर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. कामगारांची मुलं, सुना, नातवंडं, हॉलच्या मुली, औषधवाला, आणि कधी सायकलला हात न लावलेले, जे पायी आले. सगळ्यांच्या पुढे मावशी. छाटलेल्या कोपऱ्यापाशी ती थांबली की सगळी रांग थांबे, आणि तिचे शब्द तोंडातोंडी मागेपर्यंत जात.

मोठ्या चौकात काका उभे होते. त्यांनी हात वर करून दोन्ही बाजूंच्या बस थांबवल्या होत्या. एका तरुण ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काका, एवढ्या सायकली? तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना, सायकलवाल्यांना थारा देऊ नका म्हणून?"

"पुढे आहे ती माझी बायको," काका म्हणाले. "इंजिन बंद कर."

उताराशी साहेबांनी पाटीवरचं कापड काढलं. 'या उतारावरून एकशे चौदा जहाजं समुद्रात गेली.' म्हातारे कामगार ओळीने उभे होते. रंधा पाटीकडे बघत नव्हता, फळ्यांचे सांधे तपासत होता. मावशीला बोलायला सांगितलं. ती म्हणाली, "मोठ्या मिस्त्रींनी हे बघायला हवं होतं. आम्ही जे केलं ते मापात होतं. बूट काढा आणि आत या." आणि माणसं शेकड्यांनी मोज्यांवर आत शिरली.

त्याला आता दोन वर्षं झाली. दर रविवारी मावशी निघते. बंदराच्या कार्यालयाने तिला फोटो लावलेलं ओळखपत्र दिलं आहे, त्यावर हुद्दा लिहिलाय 'आखणीकार'. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत तिच्या पगारपत्रकावर तो शब्द एकदाही आला नव्हता. तिथे 'मदतनीस' असं असायचं.

गेल्या रविवारी उताराशी ती पहिल्या जहाजाची हकिकत सांगत होती. गर्दीत एक फार वयस्कर बाई काठी टेकून उभ्या होत्या. त्यांनी मधेच तोडलं. "पहिलं इथून नाही गेलं. तेव्हा हा उतार नव्हताच. ते पलीकडच्या खाडीतून गेलं, आमच्या घरासमोरून. जहाज अडवून धरणारा शेवटचा ओंडका माझ्या सासऱ्यांनी काढला होता."

साहेबही त्या दिवशी आले होते, त्यांनी मावशीकडे बघितलं. मावशीने सायकल स्टँडवरून काढली.

"दगड दिसतात अजून तिथे?" तिने विचारलं.

"ओहोटीला दिसतात."

"आता ओहोटीच आहे," मावशी म्हणाली. काकांना त्या बाईंसाठी रिक्षा बघायला सांगून तिने सायकल वळवली, आणि तिच्यामागे घंट्या वाजवत सगळी रांग वळली.